आमची वाटचाल : इंजिन आणि चित्रांची साधनं

मराठी मुलांसाठी टू-डी गेम करायचे ठरले तेव्हा गेम इंजिनची (ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बांधतात त्याची) पहिली परीक्षा आम्ही देवनागरीची ठेवली. बटणावर ‘विद्यार्थिनी’ लिहून बघायचं. युनिटी या इंजिनच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, रफार सुटा होतो, ‘द्य’ फुटतो. कारण तिथे एकेक चिन्ह नुसतं ओळीने मांडलं जातं, फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम लागूच होत नाहीत. गोडो या दुसऱ्या इंजिनच्या आवृत्ती ३ मध्येही तेच. गोडो ४ मध्ये हार्फबझ हे अक्षरं जोडून मांडणारं सॉफ्टवेअर आलं आणि मजकूर नीट उमटू लागला. फॉन्ट मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ घ्यावा. बटणाची उंची मात्र इंग्रजी मजकुरावरून ठरवू नये, वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.

परवानाही आधीच वाचावा. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. अनरियल हे इंजिन एका गेमच्या दहा लाख डॉलरपुढच्या उत्पन्नावर ५ टक्के घेतं. गोडोचा एमआयटी हा मुक्त परवाना एक पैसाही मागत नाही. लहान फर्मला पुढच्या वर्षीचा खर्च आज माहीत असणं फार मोलाचं आहे.

ठिपक्यांची पिक्सेल चित्रं एसप्राइट या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, पार्श्वभूमी क्रिटा या सॉफ्टवेअरमध्ये. गेमचा कॅनव्हास ३२० × १८० पिक्सेलचा. सहापट केला की १९२० × १०८० बरोबर भरतो. पण १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर पट ४.२७ येते, चित्रातले काही पिक्सेल पडद्यावरचे चार ठिपके रुंद, काही पाच, आणि पात्र चाललं की चेहरा थरथरतो. म्हणून गोडोच्या सेटिंगमध्ये स्ट्रेचचा स्केल मोड ‘इंटिजर’ (फक्त पूर्ण पट) ठेवावा. कडेला ४३ आणि वर-खाली २४ पिक्सेलची काळी पट्टी येते, ती चालते. टेक्स्चर फिल्टर, म्हणजे चित्र मोठं करण्याची पद्धत, ‘निअरेस्ट’ हवा. मुळात ‘लिनियर’ असतो, त्याने कडा धूसर होतात.

पीएनजी फाइल किती केबीची आहे यावर जाऊ नये. २०४८ × २०४८ चं चित्र मेमरीत १६ एमबी खातं, डिस्कवर कितीही लहान असो. एकाच शीटवर बरीच चित्रं असतील तर मध्ये दोन पिक्सेल मोकळे सोडावेत, नाहीतर शेजारच्या चित्राची रेघ डोकावते.

काम चालू असताना इंजिनची आवृत्ती बदलू नये. एक्सपोर्ट टेम्प्लेट, म्हणजे तयार गेम बाहेर काढायचे साचे, एडिटरच्या अचूक त्याच आवृत्तीचे लागतात.