तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना रडवणारी पुस्तकं का देता?

आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत मी मुलांचं वाचनालय चालवते. दोन कपाटं, एक सतरंजी, रविवारी सकाळी दहा ते बारा. दर दोन-तीन महिन्यांनी एखादी आई दारात थांबून विचारतेच, "काकू, पुस्तकं छान असतात हो, पण इतकी रडकी कशाला? बारा-तेरा वर्षांची तर पोरं!" नव्वद टक्के वेळा त्यांच्या हातात शिवॉन डाउड या लेखिकेचं नाहीतर तिच्याशी नातं असलेलं एखादं पुस्तक असतं. (स्पेलिंग पाहून पोरं 'सिओभान' म्हणतात. नाव आयरिश आहे. एकीने 'शिवानीच समजा ना' म्हणून प्रश्न मिटवला.)

शिवॉनचा जन्म 1960चा, लंडनचा, आईवडील आयरिश. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकली आणि 1984मध्ये 'पेन' या लेखकांच्या संघटनेत कामाला लागली. काम काय, तर लिहिलं म्हणून तुरुंगात पडलेल्यांसाठी धडपडायचं. पुढे न्यूयॉर्कला जाऊन तिने हेच केलं. रश्दींवर फतवा निघाला तेव्हा त्यांच्या बचावासाठी अमेरिकेत जी समिती होती, तिचंही काम तिने पाहिलं. कैदी लेखकांच्या लेखनाचा एक संग्रह संपादित केला. नंतर इंग्लंडला परतून ऑक्सफर्डशायरमध्ये बालहक्कांचं काम केलं. म्हणजे मुलांसाठी कादंबरी छापून येईपर्यंत या बाईने वीसेक वर्षं, तोंड दाबलेल्या माणसांचं म्हणणं ऐकण्यात घालवली होती. मला वाटतं, तिचं लिखाण तिथूनच आलंय. मुलांशी गोडगोड खोटं बोलणं तिला जमलंच नसतं.

पहिली कादंबरी, 'अ स्विफ्ट प्युअर क्राय', आली 2006मध्ये. ती 46 वर्षांची होती. 1984चं आयर्लंड, आई गेलेली, बाप दारू आणि देवधर्मात बुडालेला, आणि पंधरा वर्षांच्या शेलला दिवस गेलेत. हे पुस्तक मी सातवीतल्यांना देत नाही, नववीनंतर देते. एवढं भान मलाही आहे. 'द लंडन आय मिस्टरी' मात्र कुणीही न्यावं. सलीम नावाचा मुलगा लंडन आय या भल्यामोठ्या चक्राच्या पाळण्यात चढतो, अर्ध्या तासाने पाळणा खाली येतो, आणि त्यातून सलीम उतरतच नाही. भाच्याकडे लंडनला गेले होते तेव्हा मी त्या चक्राखाली घड्याळ लावून उभी राहिले आणि एका पाळण्यातून उतरणारी माणसं मोजली. भाचा लाजून दहा पावलं लांब. पाळणे 32, पण आकडे 33पर्यंत. मधला तेरा गाळलाय. हे पोरांना सांगितलं की पुस्तक त्याच दिवशी उचललं जातं.

ते पुस्तक आलं 2007मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्तनाच्या कर्करोगाने शिवॉन गेली. जाण्याच्या काही दिवस आधी तिने एक न्यास करून ठेवला: आपल्या पुस्तकांची रॉयल्टी, ज्यांच्यापर्यंत पुस्तकं पोचत नाहीत अशा मुलांसाठी. आणखी दोन कादंबऱ्या ती गेल्यावर आल्या. त्यातल्या 'बॉग चाइल्ड'ला 2009चं कार्नेगी पदक, म्हणजे ब्रिटनमधला मुलांच्या पुस्तकांचा मानाचा पुरस्कार, मिळाला. लेखक हयात नसताना तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आणि तिची एक गोष्ट सुरुवातीलाच थांबली होती. आजारी आई, तिचा मुलगा आणि एक राक्षस. ती पूर्ण करायचं काम आलं पॅट्रिक नेस या लेखकाकडे, जो तिला कधी भेटलाही नव्हता. त्याने तिचा आवाज काढायचा प्रयत्न केला नाही, स्वतःच्या पद्धतीने लिहिलं, म्हणूनच 'अ मॉन्स्टर कॉल्स' (2011) जमलं. राक्षस म्हणजे यू नावाचं झाड, इंग्लंडात चर्चच्या कबरस्तानात हमखास दिसणारं. गंमत म्हणजे कर्करोगावरचं एक औषध याच जातीच्या झाडापासून निघालं. पुस्तकातली आई तसंच औषध घेत असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. या पुस्तकात तेरा वर्षांचा कॉनर आजीच्या दिवाणखान्याचा चक्काचूर करतो. तिचं जुनं घड्याळसुद्धा फोडतो. आजी येते, बघते, आणि उभं राहिलेलं शेवटचं कपाट स्वतःच आडवं करते. पोराला शिक्षा कुणीच करत नाही.

मागच्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी हे पुस्तक तीन आठवडे ठेवून परत द्यायला आली. त्याच पानात बसचं तिकीट खोचलेलं. म्हणाली, "काकू, त्याला कोणी ओरडत नाही, हेच त्याला जास्त लागतं ना?"

मी हो म्हटलं. तिने तिकीट काढून घेतलं, आणि कपाटापाशी जाऊन विचारलं, "हिचं अजून काय आहे?"