छावणीचं कबरस्तान, दापोली : तिसरी खेप

पावसाळ्यात तिकडे फिरकण्यात अर्थ नसतो. रान कमरेएवढं आणि अक्षरांवर शेवाळ. दिवाळीनंतर गवत कापलं गेलं, तसा रविवारी गेलो.

नव्यांसाठी थोडक्यात: १८१८ला पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनं इथं लष्करी ठाणं बसवलं. 'कॅम्प दापोली' हे नाव त्याचंच. दफनाच्या नोंदींची प्रत पाद्री मुंबईला धाडायचे, तिथून ती लंडनला जायची. मुंबई इलाख्याची ती दप्तरं ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या क्रमांकाखाली आहेत. नुसते दगड मोजणाऱ्यानं ती आधी बघावीत. दगड अधिकाऱ्याला परवडायचा. साध्या शिपायाचं नाव सापडलं तर दप्तरातच.

मग बिनदगडाचे गेले कुठे? यंदा त्याचा थोडा माग लागला. दोन कबरींमधली 'मोकळी' जागा ऊन उतरल्यावर पाहिली तर गवताचे लांबट हिरवे पट्टे, सगळे पूर्व-पश्चिम. बाकी गवत पिवळं पडलेलं. जांभ्यात एकदा खणलं की तिथं माती खोल राहते, ओल टिकते. सात पट्टे काथ्यानं मापून नकाशावर घेतले. डिसेंबरात हे दिसणार नाहीत.

उरलेली दुपार एका संगमरवरी पाटीनं खाल्ली. अक्षरं शिशाची होती, म्हणजे दगड छावणीच्या सुरुवातीचा नसावा. बरीच गळून गेलीत, उरलीत ती खुंट्यांची भोकं. मागच्या खेपेला मी '११ वर्षे' असं वहीत लिहून मोकळा झालो होतो. या वेळी कपाटाचा आरसा नेला, उन्हाची तिरीप पाटीवर आडवी पाडली आणि भोकं ट्रेसिंग कागदावर उतरवली. आकड्यापुढच्या इंग्रजी शब्दात पाच अक्षरं बसेचनात. चारच. 'इयर्स' नव्हे, 'डेज'.

(खडू, पीठ, अॅसिड यातलं काही दगडाला लावू नका. पुन्हा सांगतोय, कारण कुणीतरी पलीकडच्या दगडावर पिठी फासून गेलंय आणि मुंग्यांनी घर केलंय.)

गवताचे भारे बांधणारे काका केव्हाचे बघत होते. "नाव गावला काय ओ?"

"नाव नाही, काका. वय सापडलं. अकरा दिवस."

त्यांनी पाटीकडे पाहिलं. "आनि दगड येवडा?"