माझा अनुभव: बाटलीतली स्टोनफ्लाय तक्त्यात उतरवताना

स्टोनफ्लाय हा पाण्याकाठचा किडा, त्याची पिल्लं वाहत्या पाण्यात दगडांखाली वाढतात. थंड देशांत ऐन बर्फात बाहेर पडणाऱ्या हिवाळी स्टोनफ्लाय वेगळ्या कुळांतल्या. सिंधुदुर्गातल्या व्हाळात (ओढ्यात) हिवाळ्यात दगड उलटला की दिसते ती बहुतेक वेळा निओपेर्ला, ही स्टोनफ्लायचीच एक प्रजाती (जीनस). अल्कोहोलमध्ये किडे ठेवलेल्या जुन्या संग्रहातल्या बाटल्यांची नोंद करताना मी आधी बाटलीत स्टोनफ्लायच आहे ना, हे पाहत गेलो. शेपट्या दोन, प्रत्येक पायाला नख्या दोन, आणि निओपेर्लाच्या छातीवर पायांच्या बुडाशी कल्ल्यांचे झुपके. तशाच दिसणाऱ्या मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याला शेपट्या बहुधा तीन, नखी मात्र एकच. शेपट्या मोडून बाटलीच्या तळाशी पडतात, म्हणून नख्याच मोजाव्यात. नुसता निम्फ (पाण्यात वाढणारं पिल्लू) असेल तर ‘निओपेर्ला’वरच थांबायचं, जात ठरवायला प्रौढ नर लागतो.

बाटलीत नमुन्याचं ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असते. ती बाहेर काढण्याआधी काचेतूनच फोटो घ्या. वर्षानुवर्षं भिजलेला कागद चिमट्याने ओढला की घडीवर फाटतो. तो अल्कोहोलसकट बशीत ओतून तरंगू द्यावा. पेन्सिलीचं अक्षर टिकतं. बॉलपेनची शाई विरघळते आणि कागदावर निळसर डाग तेवढा उरतो. तिरप्या उजेडात पेनाच्या टोकाचे दाब कधी कधी वाचता येतात.

खरी मेहनत ठिकाणाची. तक्त्यात दोन रकाने ठेवले: चिठ्ठीवर आहे तसं, आणि आपण लावलेला अर्थ. ‘कणकौली, जि. रत्नागिरी’ ही चूक नव्हे. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे 1962 च्या चिठ्ठीवर रत्नागिरीच असणार. पहिल्या रकान्यात ते जसंच्या तसं, दुसऱ्यात कणकवली, सिंधुदुर्ग. रायगडचंही तसंच, जुन्या चिठ्ठ्यांवर तो कुलाबा आहे. पहिला रकाना ‘सुधारायचा’ मोह अजिबात नको. अर्थ चुकला तर परत जायला तीच एक वाट असते.

अक्षांशात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 15 अंश 58 मिनिटं हे 15.58 असं लिहिणं. मिनिटांना 60 ने भागलं की 15.967 येतं. न भागल्यास आंबोलीचा नमुना सुमारे 43 किलोमीटर दक्षिणेला, थेट गोव्यात जाऊन पडतो. चिठ्ठीवर नुसतं ‘सावंतवाडी’ असेल तर गाव की तालुका हे कळत नाही, म्हणून नकाशावरच्या बिंदूसोबत अनिश्चिततेची त्रिज्या मीटरमध्ये द्यावीच.

तारखेचा रकाना एक्सेलमध्ये आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर 4-11-62 चा 11 एप्रिल कधी झाला ते कळतही नाही. रोमन अंकातला महिना (4-xi-62) असला तर शंकाच उरत नाही. अर्थाच्या रकान्यात 1962-11-04. दिवस नसेल तर 1962-11 एवढंच, अंदाजाने 1 तारीख घालू नये.

मग बाटलीत पुन्हा भरायचं अल्कोहोल. 95 टक्क्यांचं 80 मिली घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने 95 मिली केलं की 80 टक्के होतं. सुकलेली बाटली असेल तर किडा आधी अर्ध्या टक्क्याच्या ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात मऊ करा, पाण्याने धुवा आणि 30, 50, 70 अशा पायऱ्यांनी वर न्या. एकदम 80 मध्ये टाकला तर आक्रसतो. नवी चिठ्ठी जाड, सुती कागदावर पेन्सिलीने लिहून आत सोडावी. जुनी चिठ्ठी तिच्या मागे, त्याच बाटलीत.