बाहेर न पडता बांधलेले घर

मासे धरणारा आणि जाळे विणणारा, या दोघांनाही मराठीत आपण कोळीच म्हणतो, आणि दोघांचीही ओळख पसरलेल्या जाळ्यावरूनच पटते. गेल्या सप्टेंबरात दक्षिण इंग्लंडमधल्या एका वाळूमिश्रित उतारावर मी ज्या कोळ्याच्या शोधात तासभर कमरेत वाकून फिरत होतो, त्याच्याजवळ मात्र पसरण्याजोगे जाळेच नसते. असते ती एक नळी. हीथरच्या झुडपाच्या बुंध्याशी, करंगळीहूनही बारीक, मातीने माखलेली आणि टोकाशी पूर्ण बंद अशी ती जमिनीवर आडवी पडलेली होती. वाळके मूळ समजून मी ती दोनदा ओलांडून गेलो होतो.

या कोळ्याला इंग्रजीत पर्सवेब स्पायडर म्हणतात. यातली पर्स म्हणजे हल्लीचे पाकीट नव्हे. पूर्वी आपल्याकडे पैसे ठेवून कमरेला बांधत, ती लांबट थैली डोळ्यांसमोर आणावी. त्याचे शास्त्रीय नाव अटायपस अफिनिस असून अटायपिडी या कुळातली ब्रिटनमध्ये आढळणारी ही एकच जाती आहे. नाते टॅरंटुला या थोराड, केसाळ कोळ्यांशी असले, तरी मादीची लांबी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर एवढीच, आणि नर तिच्याहूनही लहान. नळीचा जमिनीवर दिसणारा भाग पाच ते आठ सेंटीमीटरांचा असतो. उरलेली नळी, म्हणजे तिचा बराच मोठा भाग, जमिनीत वीतभर किंवा त्याहूनही खोल गेलेला असतो.

ही नळी बांधली कशी जाते, हे मी आधी वाचले होते, पण ती प्रत्यक्ष पाहीपर्यंत त्यातली गंमत मला उमगली नव्हती. आपण घर बांधतो तेव्हा आधी पाया खणतो, मग भिंती उभारतो, आणि सगळे झाल्यावर आत राहायला जातो. हा कोळी आधी आत जातो. जमिनीच्या पृष्ठभागावरच तो स्वतःभोवती रेशमाची एक लहानशी खोली विणून घेतो आणि तिच्या आत बसूनच खाली खणू लागतो. जितके खणून होईल तितक्या भागाला रेशमाचे अस्तर लावत जातो, आणि वरचा भागही हळूहळू लांबवतो. सह्याद्रीत बिळाला झडपेचे दार बसवणारे कोळी आहेत, त्यांच्या जबड्यांवर खणण्यासाठी दंताळ्यासारखे काटे असतात. याच्याकडे तसले अवजार नाही. जे काही खणायचे ते नुसत्या जबड्यांनी.

आता प्रश्न येतो मातीचा. विहीर खणणाऱ्याला माती वर काढून टाकायला काठ असतो. इथे तर घराला दारच नाही. कोळी ती माती जबड्यांत धरून नळीतून वर आणतो आणि आतल्या बाजूने दाबून रेशमाच्या विणीतून बाहेर ढकलतो. बाहेर आलेले कण नळीच्या ओलसर, तंतुमय पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणजे ज्या मातीची विल्हेवाट लावायची होती, तीच नळीचा गिलावा होते, आणि नळी आजूबाजूच्या जमिनीच्या रंगाची दिसू लागते. मी फसलो तो या गिलाव्यामुळेच. घर लपवण्यासाठी कोळ्याला वेगळे कष्ट पडत नाहीत, खणण्याच्या कामातच ते होऊन जाते, आणि त्यासाठी त्याला एकदाही उघड्यावर यावे लागत नाही. मला विचाराल तर साऱ्या बांधकामातली ही सर्वांत हुशारीची गोष्ट आहे.

भिंत हेच जाळे असल्यामुळे शिकारही भिंतीतूनच होते. एखादी माशी, मधमाशी किंवा भुंगेरा नळीवरून चालू लागला की त्याची थरथर आत पोहोचते. कोळी त्याच्या बरोबर खाली सरकतो आणि रेशमातूनच विषदंत खुपसतो. त्याचे जबडे अंगाच्या मानाने अवाढव्य असतात आणि विषदंत लांब, एकमेकांना समांतर. बागेतल्या नेहमीच्या कोळ्यांचे विषदंत चिमट्यासारखे आडवे मिटतात, तसे हे मिटत नाहीत. मधे कापड असताना भोसकायला हीच ठेवण सोयीची. मग भिंतीला चीर पाडून सावज आत ओढले जाते, आणि कोळी पुन्हा वर येऊन ती चीर रेशमाने शिवून टाकतो. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळरानावर निसर्गअभ्यासक फ्रेडरिक एनॉक यांनी हे कोळी चिकाटीने पाहिले आणि 1885 साली त्यांचा जीवनक्रम प्रसिद्ध केला. मीही गवताची काडी नळीवरून माशीच्या चालीने फिरवून पाहिली. काहीच झाले नाही. कोळ्याला माझी पावले आधीच जाणवली असावीत आणि तो तळाशी जाऊन बसला असावा.

अमेरिकेच्या पूर्व भागात याच कुळातले स्फोड्रोस कोळी राहतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जाती नळी आडवी न टाकता झाडाच्या बुंध्याला टेकवून उभी करतात. वीतभर वर आणि साधारण तेवढीच जमिनीत. 1888 साली फिलाडेल्फियाचे निसर्गअभ्यासक हेन्री मॅकूक यांनी या घरट्यांवर सविस्तर लिहिले. स्फोड्रोस नायजर ही जाती मात्र पानांच्या पाचोळ्याखाली नळी आडवीच ठेवते, त्यामुळे ती सापडणे अधिकच अवघड.

अटायपसची मादी बहुधा जन्मभर एकाच नळीत राहते आणि अंगाने वाढेल तशी ती नळी वाढवत नेते. बाहेर पडतो तो नर, तोही वयात आल्यावर, शरद ऋतूत. नळी सापडली की तो तिच्यावर पायांनी ठोके देतो, आपण सावज नाही हे कळवतो, आणि मग भिंत फाडून आत शिरतो. दोघे काही काळ एकत्र राहतात. नर मेला की मादी त्याला खाऊन टाकते. अंडी पुढच्या उन्हाळ्यात नळीतच घातली जातात, पिले शरदात अंड्यांतून बाहेर येतात, पण आईच्या नळीतला मुक्काम मात्र हिवाळा सरेपर्यंत हलवत नाहीत. वसंतात ती वर येतात, झुडपांच्या शेंड्यांवर चढतात आणि सोडलेल्या तंतूवर वाऱ्याने वाहत जातात. टॅरंटुलाच्या गोतावळ्यात असे उडून जाणारे फार थोडे.

त्या उतारावरच्या माझ्या नळीजवळ, परत सापडावी म्हणून, मी एक पांढरा गारगोटीचा दगड ठेवून आलो आहे. मार्चच्या अखेरीस एखादी ऊबदार सकाळ मिळाली, तर हीथरच्या शेंड्यांवर तंतू दिसतात का ते पाहायला पुन्हा जाणार आहे. या वेळी मात्र पाऊल हलके टाकत.