आमची वाटचाल : साडेबाराचा ठोका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं. गिऱ्हाईक मुख्यतः टॉवेल-चादरींचे कारखानदार. वीज गेली की त्यांचे माग जनरेटरवर चालतात. वडील इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी धरायचे आणि सांगायचे, "तीन नंबर मिस मारतोय." म्हणजे तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही. त्याचं नोझल, म्हणजे डिझेल फवारणारा भाग, काढलं की तसंच निघायचं.

त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं, तेव्हा मी सेन्सरकडे वळलो. ५० हर्ट्झ विजेसाठी आमच्याकडची जनरेटरची इंजिनं मिनिटाला १५०० फेरे घेतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा. सहा सिलिंडरच्या इंजिनात सहाही सारखा जोर लावत असतील तर सेन्सरच्या नोंदीत हा साडेबाराचा ठोका जवळजवळ दिसतच नाही. एक जरी अशक्त झाला की तो वर येतो. वडिलांचा कान हेच टिपत होता!

मग सेन्सरच्या नोंदींवरून बिघाड ओळखायला शिकणारे प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेल, आपोआप अनेक बनवून त्यातलं सरस निवडणारं सॉफ्टवेअर घेतलं. पहिल्याच चाचणीत जवळपास सगळी उत्तरं बरोबर आली. आम्ही पेढे वाटले. पुढे एका नव्या गिऱ्हाइकाचं इंजिन त्यानं बिघडलेलं ठरवलं. खोललं, तर नोझल, टॅपेट, सगळं ठीक. त्यांची अख्खी पाळी बुडाली. मजुरी घेतली नाही, पण ती रात्र मला झोप नव्हती.

चूक आमचीच होती. एकाच इंजिनाच्या नोंदींचे तुकडे शिकवणीतही होते आणि परीक्षेतही. मॉडेल बिघाड ओळखत नव्हतं, इंजिन ओळखत होतं. आता परीक्षेसाठी अख्खी इंजिनंच बाजूला ठेवतो. अचूकतेचा आकडा बराच खाली आला. गिऱ्हाइकाला मी तोच सांगतो.

बिघाडाच्या नोंदी मुळातच थोड्या मिळतात. म्हणून दुसरं मॉडेल धडधाकट इंजिनावर शिकवलं : इतक्या लोडला, इतक्या उष्ण हवेत इंजिन थंड ठेवणारं पाणी किती तापायला हवं? प्रत्यक्षातला फरक वाढत गेला की इशारा. थंडीत शिकलेलं हे मॉडेल मे महिन्यात, पारा चाळिशीपुढे गेल्यावर, रोज ओरडू लागलं. तेव्हापासून वर्षभराच्या नोंदी असल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवत नाही.

इशारा आला तरी लगेच इंजिन खोलत नाही. जुन्या पंपाचं इंजिन असेल तर एकेका नोझलचा पाइप ढिला करून बघतो. ज्याच्यानं आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनावर, मात्र हे कधीच करू नका, तिथला डिझेलचा दाब जीवघेणा असतो.