हिरवा फादर ख्रिसमस शिवला, मखमलीने चांगलंच शिकवलं (माझा अनुभव)

नाताळच्या थीमचं कॉस्प्ले (एखाद्या पात्राचा हुबेहूब वेश) करायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच येतं, लाल कोट, काळा बेल्ट, पांढरी दाढी. मला ते नको होतं. थोडं वाचत गेलो तेव्हा कळलं की हे लाल रूप बऱ्याच टप्प्यांनी पक्कं होत गेलंय, व्यंगचित्रकार थॉमस नास्टने १८६३ मध्ये हार्पर्स वीकली या अमेरिकन साप्ताहिकात सांता काढला तो चक्क अमेरिकन झेंड्याच्या तारे-पट्ट्यांच्या कपड्यात होता आणि कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी चित्रकार हॅडन संडब्लॉमने गुबगुबीत हसरा सांता रंगवायला घेतला तो १९३१ ला (लाल सांता मात्र त्याच्या आधीच्या चित्रांतही दिसतो, कोका-कोलाने तो रंग शोधला हे खरं नाही). पण माझं मन बसलं ते इंग्लंडच्या जुन्या फादर ख्रिसमसवर. तो मुळात वेगळाच माणूस, व्हिक्टोरियन काळातल्या चित्रांत तो लांब झग्यात असतो, डोक्यावर हॉलीच्या (काटेरी पानांचं, लाल फळांचं झुडूप) पानांचा मुकुट, आणि झग्याचा रंग कधी लाल, कधी निळा, कधी तपकिरी, कधी हिरवा. गडद हिरवी मखमल, खाली पांढरी फर आणि तो मुकुट, बस, त्याच दिवशी ठरलं.

आतला झगा साधा होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही, दोन बाजू, दोन बाह्या, सरळ टिपा. खरं काम होतं केपचं, म्हणजे खांद्यांवरून घ्यायच्या बिनबाह्यांच्या झुलीचं. डिझाईन अर्धवर्तुळाचं ठेवलं कारण त्याचा घेर चालताना फार सुंदर पडतो. हिशोब सोपा आहे, गळ्याचा घेर भागिले ३.१४ म्हणजे आतल्या वर्तुळाची त्रिज्या. माझा गळा ढिला धरून ४४ सेंमी, म्हणजे १४ सेंमी त्रिज्या, त्यापुढे १२० सेंमी लांबी, एकूण १३४. कापडाचा पन्हा १५० सेंमी होता म्हणजे अख्खं अर्धवर्तुळ एका तुकड्यात निघत होतं, मागे जोड नाही काही नाही, मी खूष. आधी मांजरपाटावर कापून, टाचून, घालून बघितलं, एकदम मस्त बसलं.

मग मखमल कापली. आणि खांद्यावर टाकून आरशासमोर उभा राहिलो तर डावी बाजू गडद बाटलीहिरवी आणि उजवी बाजू फिकी, चकाकणारी, जणू दोन वेगळ्या थानांतलं कापड. पाच मिनिटं नुसता बघत राहिलो, आधी वाटलं लाईटमुळे असेल, जागा बदलली, तरी तेच.

कारण होतं लव. मखमलीची लव एका दिशेला झुकलेली असते, हात फिरवला की एका बाजूने गुळगुळीत लागतं आणि उलट बाजूने अडतं. लव वरच्या दिशेला ठेवली की रंग खोल दिसतो, खालच्या दिशेला ठेवली की उजळ. आता अर्धवर्तुळ एका तुकड्यात कापलं की त्याची सरळ कड समोरच्या दोन्ही बाजूंना येते, एका बाजूला जे 'वर' ते दुसऱ्या बाजूला 'खाली'. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसणं शक्यच नव्हतं! मांजरपाटाला लवच नसते त्यामुळे सॅम्पलमध्ये हे कळायला काही मार्गच नव्हता. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर किती बरं झालं असतं म्हणून इथे इतकं सविस्तर लिहितोय.

उपाय दोन दिवसांनी सुचला. टोपासाठी त्याच थानातलं दीड मीटर वेगळं ठेवलं होतं. अर्धवर्तुळ पाठीच्या मध्यावर कापून दोन पाव भाग केले, गडद दिसणारा ठेवला आणि दुसरा पाव भाग त्या दीड मीटरमधून नवीन कापला, आरशातल्यासारखा उलटा, लव वर. पाठीवर जोड आला त्याचा दाब (टिपेच्या आत सोडायची जास्तीची कड) धरायला नव्या भागाला ३ सेंमी जास्त ठेवले. आणि बाद झालेल्या फिक्या भागातून टोप काढला, पॅटर्न फिरवून ठेवला की त्याचीही लव वर. कापड वाया गेलं नाही याचं फार समाधान वाटलं.

मखमल शिवताना दोन थर एकमेकांवरून सरकतात, नुसत्या टाचण्यांनी भागत नाही (आणि टाचण्यांच्या खुणाही उठतात, त्या फक्त दाबाच्या आतच लावा). मी आधी हाताने कच्चे टाके घातले, मग वॉकिंग फूट (दोन्ही थर एकदम पुढे सरकवणारा मशीनचा पाय) लावून ३ मिमीची टीप मारली. इस्त्री थेट फिरवायची नाही, लव चेपली की ती जागा कायम चमकते. जाड टॉवेलवर मखमल पालथी टाकून वरून फक्त वाफ द्यायची आणि जोड बोटांनी उघडायचा.

फर लावायच्या आधी केप पूर्ण दोन दिवस टांगून ठेवली. अर्धवर्तुळात काही भाग उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरका) येतोच आणि तो वजनाने खाली ओघळतो, माझ्या केपमध्ये तिथे जवळजवळ अडीच सेंमी फरक पडला होता, तो कापून मगच कड सरळ केली.

आता फर. कात्रीने वरून कापलंत तर केस अर्धे तुटतात आणि कड एकदम बोडकी दिसते. पालथी टाकायची, मागच्या कापडावर खडूने रेघ, आणि ब्लेडच्या टोकाने फक्त ते मागचं कापड चिरायचं, मग दोन्ही भाग हळूच ओढले की केस अख्खे सुटतात. तो आवाजही मस्त येतो, बारीक फर्रर्र. खालची कड साधारण ४२० सेंमी आणि पट्टी १० सेंमी रुंद. सरळ पट्टी लावली असती तर वरच्या कडेला ३० सेंमीच्या आसपास जास्तीचं कापड उरून चुण्या पडल्या असत्या, म्हणून केपच्याच पॅटर्नवरून गोलाईत तुकडे काढून जोडले. जोडात अडकलेले केस सुईच्या टोकाने एकेक करून बाहेर काढले, वरून कंगवा फिरवला, आणि जोड कुठे आहे ते मलाच सापडेना.

मुकुटासाठी हिरव्या फेल्टच्या दोन थरांमध्ये बारीक तार घालून २४ पानं शिवली, कडेला काटे, तीन-तीन लाल मण्यांचे घोस, मधून बारीक एलईडीची माळ, बॅटरी टोपाच्या आतल्या खिशात.

सगळं झाल्यावर घालून बघितलं तर एक अडचण उरलीच होती, मखमल, अस्तर आणि फर यांचं वजन मागे ओढत होतं आणि गळ्यावर हूक रुतत होता. मग आतून दोन्ही खांद्यांपाशी रुंद फिती शिवल्या, त्या छातीवर फुली करून बगलेखालून मागे नेऊन बांधायच्या, वरून काही दिसत नाही. वजन सगळं खांद्यांवर आलं, हूक नुसता नावाला राहिला, आणि ती केप घालून मी सात तास उभा होतो, समोरच्या दोन्ही बाजू एकसारख्या गडद हिरव्या.