आमची वाटचाल: सुपरवायझर तयार झाला, की मगच नवी साइट

सिक्युरिटी एजन्सीचा मालक भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती गार्ड आहेत तुमच्याकडे?’ आमच्या धंद्यात हा आकडा जो तो थोडा फुगवूनच सांगतो. मला कुणी विचारलं तर मी सुपरवायझर किती ते सांगतो. समोरच्याला आकडा फारच लहान वाटतो, पण आमची एजन्सी किती वाढणार हे त्याच आकड्यावर ठरतं. गार्डची भरती महिनाभरात होते. रात्रपाळीत एकट्याच्या जिवावर साइट सांभाळणारा, हाताखालच्या पोरांशी नीट बोलणारा आणि क्लायंटच्या मॅनेजरला वेळप्रसंगी ‘नाही साहेब, हे होणार नाही’ असं सांगू शकणारा माणूस काही महिनाभरात मिळत नाही.

मी स्वतः एका मोठ्या एजन्सीत फिल्ड ऑफिसर होतो. तिथून बाहेर पडून एका गोदामाचं काम घेतलं आणि स्वतःची एजन्सी सुरू केली. सुरुवातीला मालकच सगळं करतो: ड्युटी चार्ट तोच लावतो, नाइट चेकिंगला तोच जातो, पगारही तोच काढतो. क्लायंटचं बिल उशिरा येतं आणि गार्डचा पगार मात्र ठरल्या तारखेला द्यावा लागतो, ही कसरतही त्याचीच. दोन-तीन साइटपर्यंत हे निभतं. त्यापुढे फोन झोपू देत नाही. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा किंवा बदलीचा गार्ड, आला नाही म्हणून फोन, गेटवर ट्रकचा ड्रायव्हर भांडतोय म्हणून फोन, आणि जनरेटर रूममधून जळका वास येतोय म्हणूनही फोन मलाच. तिसऱ्या फोनच्या वेळी गार्डने आधी अग्निशमन दलाला कळवायला हवं होतं, पण तो मालकाने फोन उचलण्याची वाट बघत उभा होता.

त्याला तरी काय दोष द्यायचा? साइटवर सुपरवायझर होता, त्याच्या खांद्यावर वेगळी पट्टीही होती, पण कशाचा निर्णय त्याने घ्यायचा हे कुणी ठरवूनच दिलं नव्हतं. या धंद्यात सर्रास असंच चालतं. पद मिळतं, अधिकार मालकाच्या खिशातच राहतात.

मग आम्ही एक पानभर मजकूर तयार केला: न विचारता सुपरवायझर काय काय करू शकतो. पहिली ओळ अशी: ‘अग्निशमन दल, रुग्णवाहिका किंवा पोलिसांना बोलवायला कुणाचीही परवानगी लागत नाही.’ त्याखाली बाकीचं. पोस्टवरचा गार्ड बदलणं, नशेत किंवा आजारी आलेल्याला ड्युटीवर न घेणं, कागदपत्रं जुळत नसतील तर गाडी गेटवर थांबवून ठेवणं. हे पान क्लायंटलाही दिलं आणि त्याची सही घेतली. सहीवरून काही ठिकाणी महिनोन्महिने चर्चा चालली. एका मॅनेजरला गाडी थांबवण्याचा अधिकार एजन्सीच्या माणसाकडे असणं पटतच नव्हतं. ‘तुमची माणसं फक्त उभी राहू देत,’ असं त्याचं म्हणणं होतं. नुसतं उभं राहणाऱ्या माणसाचे पैसे तुम्ही का देता, असा प्रश्न मी त्याला विचारला. त्याने ते काम आम्हाला दिलं नाही.

मोठ्या साइटवर आणखी एक गोष्ट पाळतो. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात भीषण वणवे लागले. त्या अनुभवातून पुढे इन्सिडंट कमांड सिस्टीम, म्हणजे आणीबाणीत कोण कुणाच्या हाताखाली काम करणार हे ठरवणारी पद्धत, तयार झाली. तिच्यात एका वरिष्ठाच्या हाताखाली ३ ते ७ माणसं असावीत, ५ असली तर उत्तम, असं धरलेलं आहे. रोजच्या ड्युटीला सुपरवायझरकडे जास्त गार्ड असले तरी चालून जातं. आग लागली, गर्दी झाली तर मात्र वॉकी-टॉकीवर सगळेच एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून अशा वेळी कोणाच्या गटात कोण, हे चार्टवर आधीच लिहिलेलं असतं.

आता सुपरवायझर कुणाला करायचं, याबद्दल. जुना झाला की बढती, ही पद्धत बहुतेक एजन्स्यांत असते. आमच्याकडे गेटवर एक गार्ड होता, नजर अशी की गाडीचा टायर बघून माल भरलाय की नाही सांगायचा. त्याला सुपरवायझर केलं, तर तो दिवसभर गेटवरच उभा. दुसऱ्या गार्डचं काम बघायचं असतं हे त्याला पटायचंच नाही, कारण स्वतः ते जास्त चांगलं करायचा. शेवटी त्यानेच गेट परत मागून घेतलं. आम्ही गेटवरच्या अनुभवी गार्डसाठी वेगळी श्रेणी आणि पगार ठेवला. पगार वाढावा म्हणून ज्याला-त्याला सुपरवायझर व्हावं लागलं, तर दोन्ही जागा बिघडतात.

आता बढतीआधी उमेदवाराला सुपरवायझरच्या सुट्टीच्या दिवशी बदलीवर लावतो आणि लांबून बघतो. हजेरी, चार्ट, रजिस्टर हे तर कुणालाही शिकवता येतं. मी वेगळंच बघतो: पोरं त्याला वाईट बातमी सांगतात का? किल्ली हरवली, डुलकी लागली, राउंड चुकला, हे गार्ड ज्याला आपणहून येऊन सांगतो, तो सुपरवायझर होण्याच्या लायकीचा. ज्याच्यासमोर सगळे ‘ऑल ओके सर’ म्हणतात त्याची साइट मला काळजीत टाकते.

लक्ष हा या कामाचा खरा माल आहे आणि त्याबद्दल आमच्याच धंद्यात बरंच अज्ञान आहे. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोऱ्या तबकडीवर एक काटा एकसारख्या टप्प्यांनी पुढे सरकतो. कधीतरी तो दुप्पट उडी घेतो, ती ओळखायची. रडारसमोर बसणाऱ्यांचं लक्ष का ढळतं, हा त्यामागचा प्रश्न होता. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. आमच्या एका क्लायंटने कंट्रोल रूममध्ये सीसीटीव्हीच्या पडद्यांसमोर पूर्ण पाळीला एकच माणूस मागितला होता. मी त्याला हा प्रयोग समजावून सांगितला आणि एका माणसाच्या पैशात पाळीभर लक्ष विकत मिळत नाही हे स्पष्ट केलं. आता तिथे कंट्रोल रूम, लॉबी आणि राउंड अशी फिरती ड्युटी आहे. पोस्ट कधी बदलायची हे सुपरवायझर ठरवतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास शरीरच साथ देत नाही, तेव्हा तो अदलाबदल लवकर करतो.

राउंडचंही तेच. आता बहुतेक ठिकाणी भिंतीवर टॅग असतात, गार्ड मोबाइल लावतो आणि वेळ नोंदली जाते. उपयोगाची सोय आहे. पण त्यातून गार्ड तिथे पोचला एवढंच कळतं, त्याने काय पाहिलं ते कळत नाही. आमचा एक जुना सुपरवायझर राउंडवरून आलेल्याला ‘राउंड झाला का?’ असं कधीच विचारत नाही. तो विचारतो, ‘तिसऱ्या मजल्यावर कोणत्या खोलीत दिवा चालू होता?’ पहिल्या दिवशी नवा गार्ड गडबडतो. आठवड्याभरात न विचारता सांगायला लागतो. प्रशिक्षणाच्या वर्गात मला हे इतकं नीट कधी शिकवता आलं नसतं.

वर्गात आम्ही सगळ्यात जास्त वेळ लिहिण्यावर घालवतो. आलेल्यांना हे विचित्र वाटतं. कवायत असेल, लाठी असेल अशी त्यांची समजूत असते. फळ्यावर एक रिपोर्ट लिहितो, साइटवरून खरोखर आलेला: ‘रात्री राउंडदरम्यान एक इसम संशयास्पद अवस्थेत आढळून आला. विचारपूस केली असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली. योग्य ती कारवाई करण्यात आली.’ वाचायला झकास. पण कुठे आढळला? काय करत होता? उत्तर काय दिलं? कारवाई म्हणजे काय केलं? वर्गातला प्रत्येक जण एकेक प्रश्न विचारतो आणि रिपोर्ट लिहिणारा आठवून सांगत जातो. शेवटी फळ्यावर हे उरतं: ‘रात्री २.४० वाजता मागच्या कुंपणाजवळ, स्क्रॅपच्या जागेत, एक माणूस बसलेला दिसला. ट्रकचा क्लीनर आहे म्हणाला. त्या वेळी आवारात एकही ट्रक नव्हता. सुपरवायझरला वॉकी-टॉकीवर कळवलं. गेटवर आणून ओळखपत्र तपासलं. कंत्राटदाराचा कामगार निघाला, दिवसपाळी संपल्यावरही आत थांबलेला.’

आता खरा प्रश्न समोर येतो. तो माणूस संध्याकाळी बाहेर पडला नाही हे गेटवर का कळलं नाही? कंत्राटी कामगारांची आत येताना नोंद व्हायची, बाहेर जाताना आकडा कुणी जुळवत नव्हतं. त्या साइटवर संध्याकाळचा ताळा सुरू झाला तो या एका रिपोर्टमुळे. ‘योग्य ती कारवाई’ असं लिहून फाइलला लावला असता, तर हे भोक तसंच राहिलं असतं.

बाहेरचं शिक्षणही लागतं. या क्षेत्रात असिस इंटरनॅशनल ही संस्था १९५५ पासून काम करते आणि तिची सीपीपी (सर्टिफाइड प्रोटेक्शन प्रोफेशनल) ही परीक्षा १९७७ पासून घेतली जाते. आमच्या ऑपरेशन्स मॅनेजरने तिचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी अभ्यासक्रम चाळला. तपास, इमारतीची सुरक्षा, माहितीची सुरक्षा, आणीबाणी हे असणारच. पण व्यवसायाची तत्त्वं हा स्वतंत्र भाग आहे, म्हणजे बजेट, करार, माणसं सांभाळणं. सिक्युरिटीवाल्याला हिशेब कळला पाहिजे, असं परीक्षा घेणारेच म्हणतात, हे मला फार आवडलं. प्रमाणपत्रही कायमचं नसतं. दर तीन वर्षांनी ते टिकवायला ६० क्रेडिटचं शिक्षण दाखवावं लागतं. आमच्या छोट्या एजन्सीला सगळ्यांना तिकडे पाठवणं परवडत नाही आणि सुपरवायझरांपैकी अनेकांना इंग्रजीची अडचण आहे. म्हणून नूतनीकरणाची कल्पना तेवढी उचलली. आमच्याकडे सुपरवायझरची पट्टी ठरावीक मुदतीसाठी असते. मुदत संपायच्या आत नवं काहीतरी शिकून यायचं आणि इतरांना शिकवून दाखवायचं.

शिकवलेलं मुरलं की नाही, हे वर्ग संपल्यावर भरून घेतलेल्या फॉर्मवरून कळत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वर्ग आवडला का, शिकला का, कामात वागणं बदललं का, आणि त्यातून परिणाम दिसला का. आमच्या धंद्यात बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबतात, कारण तिथे सगळेच पास होतात. आम्ही तिसरी तपासतो. वर्गानंतर काही आठवड्यांनी, क्लायंटला सांगून, साइटवर अनोळखी माणूस पाठवतो. तो कर्मचाऱ्यांच्या मागोमाग दारातून शिरायचा प्रयत्न करतो. गार्डने अडवलं का, कसं अडवलं, आणि नंतर सुपरवायझर त्याच्याशी काय बोलला, हे टिपून ठेवतो. यातलं शेवटचं सर्वात महत्त्वाचं.

एकदा हा प्रसंग चाचणीत नाही, खराच घडला. एका साइटवर क्लायंटचे वरिष्ठ अधिकारी ओळखपत्राशिवाय आले. नव्या गार्डने अडवलं. साहेबांचा आवाज चढला. सुपरवायझर आला, त्याने नमस्कार केला, खुर्ची दिली, फोनवरून खात्री करून तात्पुरता पास करून दिला. गार्डला त्यांच्यासमोर एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा निरोप आला, ‘तो गार्ड बदला.’ पोस्ट ऑर्डरमध्ये, म्हणजे त्या जागेवरच्या गार्डसाठीच्या लेखी सूचनांमध्ये, ‘ओळखपत्राशिवाय कुणालाही प्रवेश नाही’ असं लिहिलेलं होतं आणि खाली त्याच मॅनेजरची सही होती. मी ती प्रत पाठवली आणि गार्ड बदलला नाही. करार संपल्यावर त्यांनी स्वस्तातली दुसरी एजन्सी घेतली. कारण हेच होतं की नुसता दर, ते मला सांगता येणार नाही. पण ही गोष्ट आमच्या प्रत्येक साइटवर पोचली, मी न सांगता.

शिकवलं की माणूस सोडून जातो, हे मी मालकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकतो. खरं आहे, जातो. आमचेही गेले. कुणी मोठ्या एजन्सीत गेला, कुणी कंपनीच्या पगारावर सिक्युरिटी ऑफिसर झाला. त्यातला एक आता आमच्याच क्लायंटकडे आहे आणि आम्हाला त्याच्याइतका कुणी छळत नाही. आमचे रिपोर्ट ओळ न् ओळ वाचतो आणि ‘योग्य ती कारवाई’ दिसली की कागद परत पाठवतो.

तयार सुपरवायझर असतील तेवढंच काम घ्यायचं, या हिशेबाने एकदा आम्ही मोठं काम अर्धवट घेतलं. क्लायंटला सगळ्या साइट एकदम द्यायच्या होत्या. आमच्याकडे तयार सुपरवायझर एकाच साइटपुरते होते, तेवढीच घेतली. बरोबरीच्या मालकांनी वेड्यात काढलं. बाकीच्या साइट ज्यांनी घेतल्या त्यांचं काय झालं हे इथे लिहिणं बरं नव्हे. आमच्याकडे मात्र त्यातली आणखी एक साइट पुढे आली, तीही आम्ही म्हटलं त्या तारखेला.

सध्या काम चाललंय ते महिला सुपरवायझरांवर. आमच्याकडे महिला गार्ड बऱ्याच आहेत, पण त्या पुढे सरकत नव्हत्या. अडचण कुवतीची नव्हती, चार्टची होती. सुपरवायझर म्हणजे ऐन वेळी पाळी बदलणार, रात्री-अपरात्री दुसऱ्या साइटवर धाव घ्यावी लागणार, असं गृहीत धरलेलं. आता पुढच्या महिन्याचा चार्ट आधी लागतो, रात्री जाण्यायेण्याला एजन्सीची गाडी असते, आणि ऐन वेळच्या बदलीसाठी वेगळे रिलिव्हर ठेवलेत. खर्च वाढलाय, तो दरात अजून पूर्ण बसलेला नाही. पहिल्या तुकडीतल्या काही जणी बदलीवर सुपरवायझरी करतायत. त्यातली एक चार्ज घेताना फार कडक आहे. किल्ल्या मोजून, टॉर्च पेटवून आणि अर्धवट कामांची नोंद वाचून झाल्याशिवाय सही करत नाही. जाणाऱ्या पाळीला थांबावं लागतं, म्हणून तिच्याविरुद्ध माझ्याकडे तक्रारी येतात. त्या मी ऐकून घेतो आणि तिच्याकडेच पाठवतो.